लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी अळी आहे, मारू का?

मारू नका! ही पाकोळी जातीच्या फुलपाखराची अळी आहे. लिंबावर अशा दोन-तीन जातींच्या अळ्या असतात. नशीब असेल तर ती नीलवंत निघेल, म्हणजे ब्लू मॉर्मन, आपलं राज्य फुलपाखरू. 2015 साली महाराष्ट्राने हा मान दिला, देशात पहिल्यांदाच.

पांढरे-तपकिरी डाग हे तिचं सोंग आहे, पक्षी विष्ठा समजून सोडून देतात. शेवटची कात टाकली की ती हिरवीगार होते. तेव्हा हलकेच बोट लावून बघा. डोक्यामागून लालसर, दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. चावत वगैरे नाही.

नीलवंत भारत आणि श्रीलंकेतच जास्त आढळतं. सह्याद्रीच्या रानात ते माकडलिंबावर अंडी घालतं, गावात लिंबू-पपनसावर. पंख पसरले की 12 ते 15 सेंटीमीटर भरतात: मखमली काळे, मागच्या पंखांवर फिकट निळाई आणि त्यात काळे ठिपके. पावसाळ्यात ओल्या मातीवर क्षार शोषत बसलेले नर दिसतात, फार देखणे.

झाड लहान असेल तर अळी मोठ्या लिंबावर हलवा. फवारणी मात्र अजिबात नको. खाल्लेली पानं पुन्हा फुटतात.