पोस्टकार्ड सगळ्यांचं, पाकीट आत्याचं

ताई, आजी गेल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची पत्रं सापडली. आजोबा परळला गिरणीत, आजी गावी. १९५८ ते १९७३ची दीडएकशे पोस्टकार्डं, इनलँड (घडी घालून कडा चिकटवायची पत्रं) आणि थोडी पाकिटं. भावंडं म्हणतात, फोटो काढून सगळं घरच्या ग्रुपवर टाक. पण एका पाकिटात धाकट्या आत्याचं ठरलेलं लग्न का मोडलं ते लिहिलंय. आत्या आज ७८ वर्षांची आहे. काय करू?
– एक नातू, चिपळूण

अहो, निवाडा तुमच्या आजोबांनीच करून ठेवलाय. पोस्टकार्ड म्हणजे चारचौघांतलं बोलणं. पोस्टमननं वाचलं तरी चालेल, घरात कुणाला वाचता येत नसेल तर शाळामास्तरांनी पडवीत बसून वाचून दाखवावं. ‘मनीऑर्डर केली आहे, पावसाआधी कौलं चाळून घेणे’ हे त्यात. आतलं काही लिहायचं तर माणूस चार पैसे जास्त मोडून पाकीट घ्यायचा. ते पाकीट त्यांनी चिकटवून धाडलं होतं. पोस्टकार्डं खुशाल ग्रुपवर टाका, पण पाकिटाचा निर्णय भावंडांनी हात वर करून होत नाही.

आत्याला विचारा. फोनवर नको. पत्र घेऊन जा, तिच्या हातात द्या आणि तुम्ही अंगणात जाऊन बसा. टाक म्हणाली, तर टाका. फाडते म्हणाली, तर फाडू द्या. माझ्यासारख्या जुन्या कागदांच्या वेडीला हे लिहिताना जिवावर येतंय. आधी गुपचूप फोटो काढून ठेवायचा मोह होईल, तेवढं मात्र करू नका.

बाकीच्या पत्रांसाठी: लॅमिनेशन अजिबात नको, ते परत निघत नाही. फाटलेल्या घडीला सेलोटेपही नको, त्याचा पिवळा डाग कागदात उतरतो. खिडकीपाशी, ऊन थेट पडणार नाही असं ठेवून फोटो काढा, फ्लॅशशिवाय. पत्त्याची बाजूही घ्या. आत तारीख नसली तरी पोस्टाच्या शिक्क्यावर बहुधा सापडते. इनलँडची प्रत्येक घडी उलगडून बघा, जागा संपली की ‘कळावे, लोभ असावा’ कडेच्या चिकटपट्टीवर उभं लिहायची रीत होती, आणि नेमकी तीच पट्टी उघडताना फाटायची. तो तुकडा ट्रंकेच्या तळाशी पडला असेल, झाडून टाकू नका.