नाणं चुकलं की नासलं? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : माझ्याकडच्या पाच रुपयांच्या पिवळ्या नाण्यावर तांबूस पट्टे आहेत. विकणाऱ्याने ते 'चुकीच्या धातूवर छापलेलं' म्हणून दिलं. असं असू शकतं का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तुमच्या वर्णनावरून तरी नाही. हे नाणं निकेल-ब्रासचं, म्हणजे तांबं, जस्त आणि थोडं निकेल. खारी हवा, ओली वाळू किंवा आम्ल लागलं की जस्त आधी निघून जातं आणि वरच्या थरात सच्छिद्र तांबं उरतं. पट्टे लाल दिसतात ते त्यामुळे. दहापट भिंगाखाली पाहिलंत तर लाल भाग साखरेसारखा रवाळ दिसेल, शिवाय तो अक्षरं, मोकळी जागा, कड असं काहीच न बघता कसाही पसरलेला असेल. चकतीच (छापण्याआधीचा कोरा धातूचा तुकडा) दुसऱ्या धातूची असती, तर सगळं नाणं कडेसकट एका रंगाचं झालं असतं आणि वजनही त्या दुसऱ्या चकतीचं भरलं असतं. 2019 च्या आधीच्या अशा नाण्याचं प्रमाणित वजन 6 ग्रॅम, व्यास 23 मि.मी. चुंबकही लावून पाहा. निकेल-ब्रास चिकटत नाही, 2007 ते 2009 या काळातली पाचाची पोलादी नाणी चिकटतात.

प्रश्न : एक रुपयाचं 2011 ते 2018 मधलं नाणं 3.79 ऐवजी 3.4 ग्रॅम भरतं, अक्षरंही पुसट आहेत. ही पातळ चकतीची चूक मानावी का? (एक संग्राहक, नाशिक)

उत्तर : नुसत्या वजनावर निकाल देऊ नका, कॅलिपर (जाडी-व्यास मापायचं साधन) घ्या. छाप पडताना चकतीभोवती पोलादी कॉलर, म्हणजे कडं, असते आणि दाबाने पसरणारा धातू तिला जाऊन टेकतो. म्हणून चकती थोडी पातळ निघाली, तरी नाण्याचा व्यास जवळपास पूर्ण, म्हणजे 22 मि.मी.च्या आसपास येतो. आम्ल मात्र चारी बाजूंनी खातं, त्यामुळे जाडीसोबत व्यासही घटतो. चार ठिकाणी मापा. 21.5 भरलं तर ते आम्लाचं काम, टाकसाळीची चूक नाही. संडास साफ करायच्या आम्लात हे पोलाद आरामात झिजतं, आणि असली नाणी 'पातळ एरर' (एरर म्हणजे टाकसाळीत छापतानाची चूक) म्हणून बाजारात सर्रास फिरतात.

व्यास पूर्ण भरला, तर पुसट अक्षरांकडे या. पातळ चकतीवर साच्याच्या (ज्याने नाण्यावर छाप पडतो तो) खोल भागात धातू पुरत नाही, म्हणून चित्राचा सर्वांत उंच भाग अर्धवट उठतो, पण पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. साच्यात वंगण साठलं असेल तर दोन-तीन अक्षरं गायब आणि शेजारचं अक्षर ठसठशीत, असं दिसतं. गंजलेल्या नाण्यावर मोकळी जागाही अक्षरांइतकीच खरबरीत होते.

प्रश्न : नाण्यावर बारीक दाणे आहेत. गंज असेल का? (पुणे)

उत्तर : दिवा बाजूने, अगदी तिरका धरा. खड्डे असतील तर नाणं गंजलेलं. उंचवटे असतील तर कदाचित साचा गंजलेला. साच्यावर सगळं उलटं असतं, त्यामुळे साच्यातला खड्डा नाण्यावर पुळी होऊन उठतो आणि साच्याची चीर उंच रेघ होते. पुळीवर टोकदार लाकडी काडी हलकेच फिरवा. ती सुटली तर तो नुसता मळ.

प्रश्न : दहाच्या नाण्यातला मधला भाग फिरलेला आहे, सिंह तिरके दिसतात. (कोल्हापूर)

उत्तर : हे टाकसाळीत होणं शक्य नाही. रिंगण आणि मधली चकती एकत्र ठेवून एकाच ठोक्यात छाप पडतो, त्याच ठोक्याने दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात. सिंह आणि रिंगणावरची अक्षरं एकाच साच्यातली, मग दिशा वेगळी होणार कशी? कुणीतरी मधला भाग ठोकून काढलाय आणि परत बसवलाय. खऱ्या चुकीत मधली चकती एका बाजूला सरकलेली असते, पण चित्र आणि अक्षरं आपापल्या जागी सरळ असतात. सांध्यातली काळी रेघ मात्र गंजाचीच. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल असली की तिथूनच सुरुवात होते.

प्रश्न : अमेरिकी सेंटवर फोड आले आहेत, काही फुटून पांढरी भुकटी निघते. (न्यू जर्सी)

उत्तर : 1982 मधल्या बदलानंतरचा सेंट म्हणजे जस्तावर तांब्याचा पातळ मुलामा, वजन 2.5 ग्रॅम. आधीचा तांब्याचा 3.11 ग्रॅम. न फुटलेला गोल फोड हा मुलाम्याखाली अडकलेल्या हवेचा. दोष टाकसाळीचा, पण इतका सर्रास की किंमत शून्य. भुकटी निघते तिथे मुलामा फाटून जस्त सडतंय. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

साफसफाईबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. चिंच, लिंबू, व्हिनेगर, ब्रश काहीही नको. डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर, मग काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. खिडकी उघडी, गॅस बंद. नाणं न पुसता वाळू द्या आणि पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका. त्यातून हिरवा चिकट थर येतो आणि तोही पुढे कुणीतरी 'एरर' म्हणून विकतो.