वाचकांचे प्रश्न : संगणक बदलताना गाण्यांचा संग्रह

प्रश्न : माझ्या जुन्या विंडोज संगणकावर आयट्यून्समध्ये, म्हणजे गाणी साठवण्याच्या आणि ऐकण्याच्या ॲपलच्या सॉफ्टवेअरमध्ये, सुमारे ८० गिगाबाइट संगीत आहे. त्यातला निम्मा भाग म्हणजे मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसातील संगीतसभेत वडिलांनी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटी. त्या मी दोन वर्षे खपून संगणकावर उतरवल्या आणि प्रत्येकीपुढे राग, गायक व साल लिहिले. नवा लॅपटॉप घेतल्यावर गाण्यांचा फोल्डर त्यावर आणून आयट्यून्समध्ये टाकला, तर मी केलेल्या याद्या आणि गाण्यांना पसंतीनुसार दिलेले तारे नाहीसे झाले आणि कॅसेटींच्या जागी नुसती ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ अशी नावे आली. जुना संगणक अजून चालू आहे. माझी मेहनत वाया गेली का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपली मेहनत जुन्या संगणकात जशीच्या तशी आहे, म्हणून सर्वांत आधी एक विनंती : काम पूर्ण होईपर्यंत त्यावरील एकही फाइल पुसू नका.

घडले ते असे. आपण गाणी नेली, पण त्यांची वही मागे राहिली. आयट्यून्स प्रत्येक गाण्याचा पत्ता, आपण केलेल्या याद्या, दिलेले तारे आणि गाणे किती वेळा ऐकले याचा हिशेब ‘आयट्यून्स लायब्ररी’ नावाच्या, ‘आयटीएल’ हे शेपूट असलेल्या एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवते; तीच ही वही. एमपी३ गाण्याचे नाव आणि गायक ही माहिती त्या फाइलच्या पोटातच लिहिलेली असते, त्यामुळे ती गाण्याबरोबर प्रवास करते. कॅसेटी उतरवताना मात्र आपण बहुधा ‘वेव्ह’ हा फाइलचा प्रकार निवडला असावा. आयट्यून्स वेव्ह फाइलच्या आत काहीही लिहीत नाही. राग, गायक, साल हे सारे फक्त त्या वहीत नोंदवते. म्हणूनच बाजारातून घेतलेल्या गाण्यांची नावे टिकली आणि ज्या नावांसाठी आपण दोन वर्षे दिली, तीच गेली.

आता उपाय. आवराआवर नव्या संगणकावर न करता जुन्यावरच करावी, कारण तिथे वहीतील पत्ते अजून खरे आहेत. बहुतेकांची गाणी काही ‘सी’वर, काही ‘डी’वर, तर काही डाउनलोडच्या फोल्डरात पडलेली असतात. त्यासाठी ‘फाइल’ मेन्यूत ‘लायब्ररी’खाली ‘ऑर्गनाइझ लायब्ररी’ उघडून ‘कन्सॉलिडेट फाइल्स’वर खूण करावी, म्हणजे विखुरलेल्या सगळ्या गाण्यांच्या प्रती आयट्यून्सच्या मीडिया फोल्डरात गोळा होतील. या प्रती असतात, मूळ फाइली जागच्या हलत नाहीत, म्हणून बाहेर विखुरलेल्या गाण्यांएवढी मोकळी जागा डिस्कवर आहे ना, हे आधी पाहावे. मीडिया फोल्डर मुख्य ‘आयट्यून्स’ फोल्डरच्या आतच असावा. तो कोठे आहे हे ‘प्रेफरन्सेस’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावर दिसते आणि तेथेच बदलताही येते.

यानंतर आयट्यून्स बंद करून तो संपूर्ण ‘आयट्यून्स’ फोल्डर, वहीसकट, बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावा. जुन्या यूएसबी २ जोडणीवर ८० गिगाबाइटला पाऊण तास ते तास लागेल. मध्येच वायर काढू नये. नव्या लॅपटॉपवर आयट्यून्सची आवृत्ती जुन्याइतकी किंवा त्याहून नवी हवी, कारण नव्या आवृत्तीने लिहिलेली वही जुनी आवृत्ती उघडत नाही. तेथे आपण आधी केलेल्या प्रयत्नातला ‘आयट्यून्स’ फोल्डर बाजूला काढून त्या जागी, म्हणजे ‘म्युझिक’ फोल्डरात, हार्ड डिस्कवर आणलेला हा फोल्डर ठेवावा. मग शिफ्टची कळ दाबून धरून आयट्यून्स सुरू करावे, ‘चूझ लायब्ररी’ निवडावे आणि या फोल्डरातील वही दाखवून द्यावी. याद्या, तारे आणि कॅसेटींची नावे परत दिसतील.

एवढ्यावर समाधान मानू नका. दोन्ही संगणकांवर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन फाइलींची संख्या आणि बाइटचा आकडा ताडून पाहा. आयट्यून्समध्ये एखाद्या गाण्याआधी उद्गारचिन्ह दिसले, तर वहीतील पत्त्यावर ती फाइल सापडलेली नाही असे समजावे. दोनचार मैफली अगदी शेवटपर्यंत, टाळ्यांपर्यंत ऐका.

सगळे जुळल्यावर आणखी एक काम हाती घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन : वेव्ह फाइलींचे ‘ॲपल लॉसलेस’मध्ये रूपांतर. ‘इम्पोर्ट सेटिंग्ज’मध्ये तो प्रकार निवडला की ‘फाइल’ मेन्यूतील ‘कन्व्हर्ट’ने हे होते. आवाजाच्या दर्जात तसूभरही फरक पडत नाही. वेव्हमध्ये ६० मिनिटांच्या कॅसेटीला सुमारे ६०० मेगाबाइट लागतात, ते साधारण निम्म्यावर येतात. आणि मुख्य म्हणजे राग व गायक आता फाइलच्या आत लिहिले जातात. रूपांतरित फाइल वहीत नवी नोंद म्हणून येते, त्यामुळे ती याद्यांमध्ये पुन्हा घालावी लागेल. त्या मैफलींची दुसरी प्रत जगात कोठेही नसेल, तेव्हा एक संच वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावा. जुना संगणक कोणाला द्यायचा असेल, तर त्याआधी ‘अकाउंट’ मेन्यूतून त्याचे अधिकृतीकरण, म्हणजे आपल्या ॲपल खात्यावर घेतलेली गाणी वाजवण्याची त्याला दिलेली परवानगी, रद्द करावे. एका खात्यावर असे पाचच संगणक चालतात.

प्रश्न : माझा संगणक अचानक बंद पडला. गाणी फक्त जुन्या आयपॉड क्लासिकमध्ये, म्हणजे गाणी ऐकण्याच्या ॲपलच्या खिशातल्या यंत्रात, उरली आहेत. ती नव्या संगणकावर येतील का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : येतील, मात्र आयपॉड जोडताच आयट्यून्स ‘इरेज अँड सिंक’ असे विचारील, तेथे ‘कॅन्सल’च म्हणा; होकार दिला तर उरलेली एकमेव प्रतही पुसली जाईल. मग आयपॉड बाहेरच्या डिस्कसारखा उघडावा म्हणून ‘एनेबल डिस्क यूज’ चालू करा, विंडोजमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय सुरू करा आणि ‘आयपॉड कंट्रोल’मधील ‘म्युझिक’ फोल्डर संगणकावर उतरवून घ्या. आतील फाइलींना चार अक्षरांची अर्थहीन नावे दिसतील. घाबरू नका, खरी नावे त्यांच्या पोटात आहेत आणि त्या आयट्यून्समध्ये टाकताच दिसू लागतील. आयपॉड मॅकवर तयार केलेला असेल, तर विंडोजला तो वाचता येत नाही. अशा वेळी एखाद्या परिचिताचा मॅक तासभर मागून घ्यावा.