विश्वविक्रम ह्याचा, मग ऑलिम्पिकच्या यादीत नाव का नाही?

प्रश्न: मुलाला पोहायच्या क्लासला सोडते, तिथले कोच म्हणाले की बटरफ्लाय (दोन्ही हात एकदम पाण्यावरून फेकत पोहायची पद्धत) ही ब्रेस्टस्ट्रोकमधूनच (बेडकासारखं पोहणं) निघाली आणि त्यात एरिख राडेमाखर नावाच्या जर्मन माणसाचा हात होता. घरी येऊन शोधलं तर १९२२ पासून २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा विश्वविक्रम ह्याच्याच नावावर, पण १९२० आणि १९२४ च्या ऑलिम्पिकमध्ये पत्ताच नाही. दुखापत झाली होती का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: दुखापत कसली हो, बोलावणंच नव्हतं! पहिलं महायुद्ध संपलं आणि हरलेल्या जर्मनीला १९२० चं अँटवर्प आणि १९२४ चं पॅरिस, दोन्हीकडे बाहेर ठेवलं. राडेमाखर मॅग्डेबुर्गचा, जन्म १९०१ चा, म्हणजे युद्ध संपलं तेव्हा सतरा वर्षांचं पोरगं, पण दंड त्यालाही बसला. पॅरिसमध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट स्केल्टनने २ मिनिटं ५६.६ सेकंदांत सोनं नेलं आणि राडेमाखरचा विक्रम तेव्हा त्याहून चांगला होता. आता तेव्हाचे विक्रम छोट्या टँकमध्येही धरायचे, तिथे वळणं जास्त, दर वळणाला भिंतीला पाय मारून जोर मिळतो, म्हणून टाइम कमी लागतो, त्यामुळे पॅरिसला तोच जिंकला असता असं छातीठोक नाही म्हणणार मी. पण उतरू तरी द्यायचं ना!

१९२६ ला बुडापेस्ट आणि १९२७ ला बोलोन्याला तो युरोपियन चॅम्पियन झाला, आणि १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये एकदाचं ऑलिम्पिक मिळालं तेव्हा वय सत्तावीस, आणि समोर जपानचा योशियुकी त्सुरुता. त्सुरुता २:४८.८, राडेमाखर २:५०.६. चांदी. मला विचाराल तर त्याची खरी चार वर्षं पॅरिसच्या आसपासच होती.

पण गडी तिथेच थांबला नाही, त्याच ॲमस्टरडॅममध्ये वॉटरपोलोच्या (पाण्यात पोहत खेळायचा चेंडूचा खेळ) टीमचा गोलकीपर म्हणून उभा राहिला, भाऊ योआखिमही टीममध्ये, आणि फायनलला हंगेरीला ५-२ ने हरवून सोनं घेतलंच. १९३२ ला लॉस एंजेलिसला परत त्याच पोलोत चांदी.

आता कोचचं वाक्य. "हात होता" हे त्यांनी अगदी शब्दशः बरोबर सांगितलंय. ब्रेस्टस्ट्रोकचा नियम एवढाच होता की दोन्ही हात एकदम पुढे न्यायचे, पाण्याखालूनच न्यायचे असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. राडेमाखरने १९२७ च्या सुमारास वळणाशी आणि शेवटच्या स्पर्शाला हात पाण्यावरून फेकायला सुरुवात केली, पाय मात्र बेडकासारखेच, पंचांना काही बोलता येईना. पुढे अमेरिकन पोहणाऱ्यांनी अख्खी रेस तशी मारायला सुरुवात केली, पण ती पुढची गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धात तो सोव्हिएत कैदेत सापडला, सुटून आला आणि १९७९ पर्यंत जगला. आणि गंमत बघा, युद्धानंतर १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकलाही जर्मनीला बोलावणं नाही, ह्या वेळी अडकला ब्रेसलाऊचा हर्बर्ट क्लाइन, पुन्हा २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकवालाच. त्याला १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळालं, तेही हात पाण्यावरून फेकूनच, आणि त्यानंतर बटरफ्लाय कायमची वेगळी रेस झाली.