‘फंकिन फॉर जमैका’ या गाण्यातील जमैका म्हणजे कॅरिबियन समुद्रातील देश आहे का? पुढच्या संगीतावर या गाण्याचा काय प्रभाव पडला?

नाही. हा जमैका न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील एक वस्ती आहे. या गाण्यात रेगे, म्हणजे जमैका देशाची खास संगीतशैली, शोधणाऱ्यांची म्हणूनच निराशा होते. ट्रम्पेटवादक टॉम ब्राउन याच परिसरातले. त्यांच्या 1980 सालच्या ‘लव्ह अप्रोच’ या अल्बममधील हे गाणे त्याच वर्षी अमेरिकेच्या बिलबोर्ड नियतकालिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज या संगीतप्रकाराच्या) यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. जॅझ वादकाच्या वाट्याला असे यश क्वचितच येते.

टोनी स्मिथ यांचा ठसकेबाज आवाज, मागे गल्लीतल्या मैफलीसारखी चाललेली बोलाचाली आणि मधूनच डोकावणारा ट्रम्पेट ही त्याची ओळख असली, तरी गाण्याचा खरा कणा माझ्या मते त्यातील बेस गिटार आहे. ती वाजवणारे मार्कस मिलर याच वस्तीत वाढले होते आणि पुढे त्यांनी विख्यात जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्यासोबत ‘टुटू’ (1986) हा अल्बम घडवला. कीबोर्डवर बर्नार्ड राइट होते, तेही क्वीन्सचेच आणि तेव्हा अजून किशोरवयीनच.

नंतर हिप-हॉप निर्मात्यांनी या गाण्याचे तुकडे उचलून, म्हणजे सॅम्पल करून, नवी गाणी बांधली. सर्वांत ठळक उदाहरण गायिका मरायाह कॅरी यांचे आहे: 2001 च्या ‘ग्लिटर’ अल्बममध्ये त्यांनी रॅपर मिस्टिकल यांच्यासह ते ‘डोन्ट स्टॉप’ या नावाने नव्याने सादर केले. मूळ गाण्यातला मोकळेपणा मात्र तिथे उतरलेला नाही.