अँटिबॉडीवर पीएचडी सुरू करतोयस ना, मग हे वाच

अरे आधी घाई सोड. जेम्स अ‍ॅलिसननी सीटीएलए-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींना ब्रेक लावणारं प्रथिन) अँटिबॉडीने अडवून उंदरांमधल्या कॅन्सरच्या गाठी घालवल्या ते १९९६ला छापून आलं आणि त्यावरचं अँटिबॉडी औषध इपिलिमुमॅब अमेरिकेत मंजूर झालं २०११ला, म्हणजे १५ वर्षं, तुझी पीएचडी त्यातला एक तुकडाच असणार. बाकी रोजचं सांगतो, सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) हातात आली की पहिले मायकोप्लाझ्मा (त्या पेशींत नकळत शिरणारे बारीक जिवाणू) टेस्ट कर, मी नाही केली आणि सहा महिन्यांचा डेटा कचऱ्यात, गाईड काही बोलले नाहीत तेच जास्त लागलं. आयसोटाइप कंट्रोलशिवाय (म्हणजे टार्गेटला न चिकटणारी, त्याच प्रकारची अँटिबॉडी तुलनेला लावल्याशिवाय) फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींवरची प्रथिनं मोजायच्या तंत्राचा) प्लॉट कुणाला दाखवूच नको. आणि टार्गेट (अँटिबॉडीने पकडायचं प्रथिन) निवडताना ते नॉर्मल पेशींवर किती आहे ते बघ, काही ब्रेस्ट कॅन्सरमध्ये जास्त असणारं एचईआर२ हे प्रथिन हृदयाच्या पेशींवरपण असतं, म्हणून तर त्याच्यावरची अँटिबॉडी ट्रॅस्टुझुमॅब चालू असताना पेशंटचा इको (हृदयाची सोनोग्राफी) करत राहतात. डॉक्टर लोकांशी ओळख ठेव, चहा पाजावा लागला तरी.