नागपूरच्या उन्हाळ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं की पिकू द्यावं आणि हिवाळ्याची वाट पाहावी?

मे महिन्यातही बिनधास्त करा, आणि मोतीबिंदू पिकायची वाट तर मुळीच पाहू नका. मी ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे आणि नजर तपासणारा) आहे, हा प्रश्न दर उन्हाळ्यात ऐकतो. 'हिवाळ्यातच करा' हा सल्ला मोठी चीर देऊन टाके घालायचे त्या काळातला. आता फेको या पद्धतीत चीर जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची असते, बहुधा टाका लागत नाही, आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. (लोक याला 'लेझर' म्हणतात, खरं तर अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी डोळ्यातलं धूसर झालेलं भिंग फोडून ओढून घेतात आणि जागी कृत्रिम भिंग बसवतात.) उलट जास्त पिकलेलं भिंग कडक होतं, ते फोडायला ऊर्जा जास्त लागते आणि बुबुळाला सूज येण्याचा धोका वाढतो.

ऑपरेशनआधी हे नक्की विचारा-सांगा:
- साधं मोनोफोकल (एकाच अंतरासाठीचं) कृत्रिम भिंग दूरसाठी बसवलं तर वाचायला चष्मा लागेलच. महाग भिंग सगळ्यांनाच मानवतं असं नाही.
- शुगर किती आहे, आणि कोणती औषधं चालू आहेत. घरात दुसऱ्या कुणाचं, म्हणजे वडिलांचं ऑपरेशन असेल तर प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन गोळी आवर्जून सांगा, कारण तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली लहान होते.

खर्च झेपत नसेल तर मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात दाखवा.

एकच अट: डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) किंवा काचबिंदूचा त्रास आधीपासून असेल, तर ऑपरेशन उत्तम होऊनही नजर पूर्ण येईलच असं नाही. आणि नंतर डोळा दुखला, लाल झाला किंवा अंधुक झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.